राक्षसाचें मोल किती?

मुरूडच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं जंजिऱ्याचा तट दिसतो. हा किल्ला मराठ्यांना लढून कधींच घेतां आला नाहीं, ही गोष्ट शाळेंतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या अपयशाच्या पोटांत एका बक्षिसाची कथा दडलेली आहे. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनीं जंजिऱ्यावर मोहीम केली, तेव्हां लाय पाटील नांवाच्या कोळी वीरानें रात्रीच्या अंधारांत आपल्या माणसांसह तटापर्यंत जाऊन शिड्या लावल्या, असें परंपरा सांगते. मागून यावयाची फौज वेळेवर पोंचली नाहीं. उजाडूं लागलें, तेव्हां पाटलानें शिड्या काढून घेतल्या आणि तो परतला. एकही शत्रु पडला नाहीं, एकही बुरूज हातीं आला नाहीं. तरीही शिवाजीमहाराजांनीं त्याला पालखीचा मान देऊं केला. दर्यावर फिरणाऱ्या कोळ्यानें पालखी घेऊन काय करावें, असें त्यानें विनविलें. तेव्हां महाराजांनीं त्याला एक गलबत दिलें आणि त्या गलबताचेंच नांव ‘पालखी’ ठेविलें, असें सांगतात.

पराक्रमाचें मोल कशावरून ठरवावें, हा प्रश्न या कथेच्या मुळाशीं आहे. मारलेल्या शत्रूंच्या संख्येवरून, हातीं आलेल्या धनावरून, कीं पत्करलेल्या धोक्यावरून? राजांना हा प्रश्न पडला, सरकारांना पडला, शाळामास्तरांना तर रोजच पडतो. मौजेची गोष्ट अशी कीं, गेल्या अर्धशतकांत या प्रश्नाचें एक अत्यंत रेखीव गणित मांडलें गेलें, तें एका बैठ्या खेळांत.

१९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांतल्या लेक जिनिव्हा या लहानशा गांवाहून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ तीन पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. सारीपाटांत असतात तसे यांत फांसे असतात. परंतु ठराविक पट नसतो आणि एका खेळाडूनें दुसऱ्यावर मात करावयाची नसते. चार-सहा मंडळी एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी लढवय्या होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘पुढें अंधारी गुहा आहे, आंतून पाण्याचा आवाज येत आहे.’ खेळाडू सांगतात, ‘आम्ही दिवटी पेटवून आंत जातों.’ ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित, तिच्यासाठीं फांसा टाकावयाचा; बाकी सारें कल्पनेनें व बोलण्यानें चालतें. कीर्तनकाराचें निरूपण, हौशी नाटकाची पात्रयोजना आणि सारीपाटाचे फांसे एकत्र आले, तर जें होईल तें म्हणजे हा खेळ.

या खेळांतील पात्र पहिल्या पायरीवर अगदीं दुबळें असतें. मोहिमा पार पाडतां पाडतां त्याला ‘अनुभवगुण’ मिळतात आणि ठराविक गुण जमले म्हणजे तें एक पायरी वर चढतें. १९८१ सालीं टॉम मोल्डव्हे यांनीं सिद्ध केलेल्या प्रवेश-पुस्तकांत दुसऱ्या पायरीसाठीं लढवय्याला २,००० गुण लागतात, चोराला १,२०० आणि मांत्रिकाला २,५००. योगायोग असा कीं, ज्या १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याला रायगड हें नांव मिळालें, त्याच सालचें हें पुस्तक आहे. जुन्या धर्तीनें खेळणारे लोक अद्यापि त्यांतील कोष्टक प्रमाण मानतात. म्हणून पुढील गणित त्याच कोष्टकाचें आहे.

हे गुण दोन मार्गांनीं मिळतात. पहिला मार्ग खजिन्याचा. सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागें, आपण त्याला मोहोर म्हणूं, एक गुण. दुसरा मार्ग वाटेंत आडव्या येणाऱ्या प्राण्यांचा. इंग्रजींत या सर्वांना ‘मॉन्स्टर’ म्हणतात. येथें त्यांना सोयीसाठीं राक्षस म्हटलें, तरी त्यांत साप, मगर, भुतेंखेतें असे सर्व आले. पहिल्या मार्गाचें गणित सोपें आहे. दुसऱ्याचें समजून घ्यावें लागतें; कारण मगरीची व वेताळाची किंमत एकाच तराजूंत कशी करावयाची?

त्यासाठीं एक माप योजिलें आहे. त्याला ‘हिट डाइस’, म्हणजे मराठींत जिवाचे फांसे, म्हणतां येईल. राक्षस किती मार सोसूं शकेल हें ठरविण्यासाठीं आठ बाजूंचे जितके फांसे टाकावयाचे, तितकी त्याची योग्यता. दोन फांशांची मगर कमींत कमी २ आणि फार तर १६ इतका मार सोसते, सरासरी ९. जितके फांसे अधिक, तितका राक्षसाचा घावही अचूक बसतो. कोष्टकाप्रमाणें एका फांशाहून कमी योग्यतेच्या जिवाला ५ गुण, एका फांशाला १०, दोनांना २०, तिहींना ३५, चोहोंना ७५, पांचांना १७५, सहांना २७५, सातांना ४५० आणि आठांना ६५०.

हे आंकडे एकदम ऐकले तर विचित्र वाटतात. फांसे आठपट झाले, पण गुण मात्र पांसष्टपट! एका फांशाचे आठ राक्षस मारले तर एकूण ८० गुण, आणि आठ फांशांचा एकच मारला तर ६५०, असें कां? याचें कारण बलाच्या स्वभावांत आहे. आठ दुबळे शत्रु एकेक करून गळतात आणि प्रत्येक पडला कीं उरलेल्यांचा जोर घटतो. बलाढ्य राक्षस मात्र अखेरचा घाव बसेपर्यंत पूर्ण जोरानें लढतो. तो अधिक वेळ टिकतो आणि त्या प्रत्येक क्षणीं अधिक अचूक मारतो. या दोन गोष्टींची बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. म्हणून कोष्टकांतील चढण सरळ नसून घाटासारखी आहे. आरंभीं सौम्य आणि पुढें उभी.

यावर दुसरें एक कलम आहे, तें विशेष शक्तीचें. विष, दृष्टीनें दगड करणें, मंत्रप्रयोग, अशी कांहीं शक्ति राक्षसाजवळ असेल तर पुस्तकांत त्याच्या फांशांपुढें एक तारा छापलेला असतो. प्रत्येक ताऱ्यामागें जादा गुण मिळतात. परंतु तेही फांशांच्या मानानें. एका फांशाहून कमी योग्यतेच्या जिवाला ताऱ्यामागें अवघा १, एका फांशाला ३, दोनांना ५, तिहींना १५, चोहोंना ५० आणि पांचांना १२५. ग्रीक पुराणांतील मेड्युसा ही चार फांशांची व दोन ताऱ्यांची राक्षसी आहे. तेव्हां मूळचे ७५ आणि ताऱ्यांचे ५० व ५०, मिळून तिचें मोल १७५ गुण. तीच शक्ति लहान जिवाजवळ स्वस्त व मोठ्याजवळ महाग कां, याचें उत्तरही वरच्यासारखेंच आहे. जो लवकर मरतो त्याला आपली शक्ति एकदां वापरण्यास तरी सवड मिळेल कीं नाहीं याची शंका असते; जो टिकतो तो ती वारंवार वापरतो.

आतां हें गणित कोंकणांत आणून पाहूं. समजा, पांच पात्रें खाडीकांठच्या एका काल्पनिक भुयारांत शिरलीं. वाटेंत दोन मगरी आहेत. महाडजवळ सावित्री नदींत मगरी खरोखरच आहेत, तेव्हां त्या येथें परक्या नव्हेत. दगडांच्या सांदींत चार फुरशीं आहेत. पुढें पाण्यांत दोन गिऱ्हे आहेत. बुडालेल्या माणसाचें हें भूत कोंकणांतल्या आजीबाईंच्या तोंडून ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य विरळा. सर्वांत आंत वेताळ बसला आहे. मगरीची योग्यता नियमांत दोन फांशांची दिलेली आहे. बाकीच्यांची सूत्रधारानें ठरविली: फुरसें एका फांशाहून कमी, पण विषाचा एक तारा, गिऱ्हा तीन फांशांचा, भुलविण्याचा एक तारा, वेताळ पांच फांशांचा व दोन ताऱ्यांचा.

हिशेब असा होतो. मगरी दोन, प्रत्येकीं २०, एकूण ४०. फुरशीं चार, प्रत्येकीं ५ अधिक १ म्हणजे ६, एकूण २४. गिऱ्हे दोन, प्रत्येकीं ३५ अधिक १५ म्हणजे ५०, एकूण १००. वेताळाचे १७५, अधिक १२५, अधिक १२५, म्हणजे ४२५. सर्वांची बेरीज ५८९. वेताळाच्या मागें ३,००० मोहोरांचा हंडा होता, त्याचे ३,००० गुण. एकंदर ३,५८९. ही रक्कम जिवंत परतलेल्या पात्रांत सारखी वांटावयाची. पांचही परतले तर प्रत्येकाला सुमारें ७१७. एक जण गिऱ्ह्याच्या हातीं सांपडून तेथेंच राहिला तर उरलेल्या चौघांना प्रत्येकीं ८९७. मेलेल्याचा वांटा जिवंतांना मिळतो, हा नियम ऐकून नव्या खेळाडूच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु हा खेळ मृत्यूला हलकें लेखीत नाहीं, हें त्यावरूनच कळतें.

आतां या बेरजेकडे नीट पहावें. ३,५८९ पैकीं लढाईचे गुण ५८९, म्हणजे सहाव्या हिश्श्याहूनही कमी. केवळ मारामारीवर भिस्त ठेवणाऱ्या लढवय्याला एका मोहिमेंत ११७ गुण मिळतील आणि दुसरी पायरी गांठण्यास अशा अठरा मोहिमा कराव्या लागतील. हंडा घेऊन येणाऱ्याला तीन मोहिमा पुरतील. त्यांतही चार फुरशांचे मिळून गुण २४, आणि त्यांतलें एक जरी चावलें तरी पहिल्या पायरीवरचें पात्र जागच्या जागीं मरण्याचा संभव. शहाणा खेळाडू काय करील? फुरशांना वळसा घालील, मगरींना मांस टाकून गुंतवील, वेताळाशीं वाद घालील, आणि हंडा उचलून ओहोटीच्या आधीं बाहेर पडेल. मोल्डव्हे यांच्या पुस्तकांत तर राक्षसाला शस्त्रानें, मंत्रानें किंवा बुद्धीनें जिंकलें तरी गुण मिळतात; त्याला ठार मारलेंच पाहिजे असें नाहीं. पाहणाऱ्याला हें कोष्टक राक्षस मारण्याचें दरपत्रक वाटतें. वास्तविक राक्षसांशीं उगाच लढूं नये, हा उपदेश त्यानें आंकड्यांच्या भाषेंत केला आहे.

हा शहाणपणा पहिल्याच दिवशीं सुचला नव्हता. १९७४ च्या मूळ पुस्तिकेंत दर सरधोपट होता: राक्षसाच्या प्रत्येक पायरीमागें १०० गुण. तेथील उदाहरणांत सातव्या पायरीच्या ट्रोल नांवाच्या राक्षसाचे ७०० गुण धरले आहेत. बलिष्ठ पात्रानें दुबळ्या राक्षसावर हात टाकला तर गुण त्या प्रमाणांत कमी करावे, अशी सोयही होती. आठव्या पायरीच्या मांत्रिकानें हा ट्रोल मारून ७,००० मोहोरा आणल्या तर ७,७०० गुणांचे सात-अष्टमांश, म्हणजे ६,७३७ व अर्धा. परंतु मोहिमेच्या आरंभीं, जेव्हां पात्रें पहिल्याच पायरीवर असतात, तेव्हां ही कपात लागू पडत नाहीं. आपल्या भुयारांत त्या दरानें दोन मगरींचे ४००, दोन गिऱ्ह्यांचे ६०० आणि वेताळाचे ५०० झाले असते. म्हणजे फुरशीं सोडून होणाऱ्या १,५०० गुणांपैकीं दोन-तृतीयांश किरकोळ जिवांपासून! अशा दरांत मोठ्या राक्षसाच्या वाटेस जाण्यापेक्षां लहान जिवांची कत्तल करणें फायद्याचें ठरतें. दुसऱ्याच वर्षीं, १९७५ सालीं, ‘ग्रेहॉक’ या पुरवणींत गायगॅक्स यांनीं स्वतःचाच जुना दर हास्यास्पद ठरविला आणि चढत्या भाजणीचें नवें कोष्टक दिलें. १९८१ च्या कोष्टकांत ट्रोलचे गुण ७०० चे ६५० झाले, म्हणजे जवळजवळ तेच राहिले. पण ऑर्क नांवाच्या एका फांशाच्या सामान्य राक्षसाचे १०० चे १० झाले. १९७९ च्या सूत्रधारांसाठींच्या थोरल्या ग्रंथांत तर राक्षसाच्या अंगच्या प्रत्येक जीवबिंदूमागेंही गुण लावले. तेथें ट्रोलचे ५२५ आणि शिवाय प्रत्येक बिंदूमागें ८.

दर बदलला कीं वागणूक बदलते, हें कोंकणाला खेळावांचूनही ठाऊक आहे. रायगडच्या दक्षिणेस लागूनच रत्नागिरी जिल्हा. तेथील जांभ्याच्या कातळांत फुरशांचा सुकाळ. हातभर लांबीचा हा साप अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याचा काळच. इंग्रजी अमदानींत सरकारनें सापांच्या डोक्यांवर इनाम लावलें, तेव्हां १८६२ च्या डिसेंबरांत अवघ्या आठ दिवसांत तेथें लाखाहून अधिक फुरशीं मारून सरकारजमा झालीं. लोक एकाएकीं शूर झाले नव्हते. दर जाहीर झाला होता. इतकें होऊनही फुरसें कोंकणांतून नाहींसें झालें नाहीं. डोक्यामागें दाम ठेवलें म्हणजे लोक डोकीं आणतात. वाट निर्धोक होते कीं नाहीं, हा प्रश्न निराळाच राहतो.

याच किनाऱ्यावर उलट बाजूचा धडाही मिळतो. अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यांतून कान्होजी आंग्र्यांनीं ज्या काळीं समुद्रावर हुकमत चालविली, त्या काळीं त्यांचें दस्तक घेतलेलें जहाज सुखरूप जाई. न घेतलेलें पकडलें जाई. जहाज बुडवून आंग्र्यांच्या हातीं कांहींच लागत नव्हतें. जकातींत, मालांत व खंडणींत त्यांचा लाभ होता. जेथें लाभ धनांत असतो तेथें लढाई हें साधन होतें आणि तें जपून वापरलें जातें. मोहोरेमागें एक गुण देणाऱ्या खेळांत खेळाडू नेमके असेंच वागूं लागतात.

पुढें या खेळाच्या कर्त्यांना खजिन्याचे गुण कांहींसे लोभी वाटूं लागले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ते ऐच्छिक ठरले आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत राक्षसांच्या अडचणीचें एक नवेंच माप आलें. हेतु चांगला होता. परंतु धनाचें मोल गेलें तेव्हां उरलें तें बहुतांशीं शत्रूला हरविण्याचें मोल. वळसा घालणारे, वाटाघाट करणारे, वेळीं माघार घेणारे खेळाडू तोट्यांत जाऊं लागले. म्हणून एकविसाव्या शतकांत अनेक जण मुद्दाम जुन्या गणिताकडे वळले. २००६ सालचें ‘ओस्रिक’ आणि २०१९ सालचें ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ हीं पुस्तकें जुने नियम नव्या मांडणीनें पुन्हां देतात.

आपल्या घरच्या मुलांसाठीं हा खेळ मांडूं इच्छिणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, राक्षसाची योग्यता ठरवितांना त्याच्या भीतिदायक नांवाकडे न पाहतां तो किती मार सोसतो हें पहावें. दुसरी, तारे देतांना हात आंखडता ठेवावा. ज्या शक्तीमुळें लढाईचा रंग खरोखर पालटतो तिलाच तारा. वेताळाचे डोळे लाल आहेत म्हणून तारा नव्हे; त्याच्या हांकेसरशीं भुतांचा मेळा धांवून येतो म्हणून तारा. तिसरी, मोहिमेंतील एकूण गुणांत खजिन्याचा वांटा बराच मोठा ठेवावा. नाहींतर मुलें तीन दिवसांत सावित्रीच्या सर्व मगरी मारून मोकळीं होतील.

आतां लाय पाटलाकडे वळूं. या कोष्टकानें त्याच्या त्या रात्रीचा हिशेब केला तर काय येईल? राक्षस शून्य, मोहोरा शून्य, बेरीज शून्य. कोष्टकाचा यांत दोष नाहीं. तें ठार झालेल्याची, जिंकलेल्याची व आणलेल्याची मोजदाद करतें. अंधारांत तटाला लावलेली आणि वेळीं काढून घेतलेली शिडी त्याच्या कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. ती ओळखण्याला कोष्टकापलीकडे पाहणारा माणूस लागतो. महाराजांनीं मोल केलें तें फळाचें नव्हे, पत्करलेल्या धोक्याचें आणि राखलेल्या माणसांचें. आणि घेणाऱ्याला पालखी निरुपयोगी आहे हें कळतांच बक्षिसाचें रूपही बदललें. चांगल्या सूत्रधारानें कोष्टक पाठ करावें, त्यांतील घाटाची चढण कां आहे हें समजून घ्यावें, बेरीज चोख करावी. आणि मग एखाद्या रात्रीं बेरीज शून्य आली असतांही कोणाला गलबत द्यावयाचें, हें स्वतः ठरवावें.